न मागितलेले ऋण

घेतलेले ऋण फेडावे, हे लहान पोरही जाणते. परंतु जे ऋण आपण मागितलेच नाही, ज्याच्या खतावर आपला अंगठा नाही, ते आपल्याला लागू होते काय? कोणा शास्त्रीबुवांनी सभेत हा प्रश्न काढला असता, तर चार वचने सांगून आम्ही त्याची बोळवण केली असती. पण तो वारीच्या वाटेवर आमच्या पुतण्याने विचारला, आणि तो आमच्याच वर्मी लागला. म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे थोरले बंधू इंजिनिअर होऊन १९८४ साली अमेरिकेत गेले व न्यू जर्सीत स्थायिक झाले. मुलगा तिथेच १९९२ साली जन्मला, म्हणून जन्मतःच तिथला नागरिक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर इंग्रजी, अशा दोन घाटांवर तो वाढला. मागे एका आषाढीला तो माउलींच्या पालखीबरोबर चालायला आला. दिवे घाट चढून सासवडच्या मुक्कामी पोचलो. पायाला तेल चोळता चोळता तो म्हणाला,

“काका, लहानपणापासून एकच ऐकत आलो, ‘आम्ही तुझ्यासाठी देश सोडला.’ पण सोडा असं मी कुठे म्हटलं होतं? मी तर जन्मलोही नव्हतो. मग हे ऋण माझं कसं?”

थोडा थांबला, मग म्हणाला, “शाळेत आईबाबांना बोलावलं की मी आईला सांगायचो, तू बोलू नकोस, मी बोलतो. तिचं इंग्रजी ऐकून पोरं हसतील म्हणून. ती गप्प बसायची. आठ वर्षांचा होतो मी. ते आठवलं की झोप येत नाही. आणि तरी ‘तुझ्यासाठी’ हा शब्द कानावर आला की राग येतो. दोन्ही खरं आहे, काका.”

आता पूर्वपक्ष दुबळा आहे म्हणून उडवून लावण्यात अर्थ नाही. तो बळकट आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्मतो असे सांगितले आहे: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. मुलगा म्हणेल, जन्माआधीचे कर्ज हा कुठला न्याय? परंतु त्याची फेड कशी सांगितली ते पाहावे. ऋषींचे ऋण अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने. बाप दारात वही घेऊन उभा आहे आणि मुलगा रुपये मोजतो आहे, असे तिथे चित्रच नाही. मागच्यांकडून आलेले पुढच्यांच्या ओंजळीत घालायचे. सावकाराच्या कर्जात आणि या ऋणात हा मोठा भेद आहे.

दुसरे असे की, आपण ज्याला कृतज्ञ म्हणतो त्या शब्दाचा विग्रह काय? केलेले जाणतो तो कृतज्ञ. फेडतो तो नव्हे, जाणतो तो. आधी जाणणे. म्हणून आम्ही त्याला उलट विचारले, “बाबा रे, तुला काय काय ठाऊक आहे?”

पोरगा शिकलेला. त्याने पुष्कळ सांगितले. भगतसिंग थिंड नावाच्या शीख गृहस्थाला १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले. १९४६ च्या कायद्याने नागरिकत्वाची वाट मोकळी झाली, पण हिंदुस्थानातून वर्षाला जेमतेम १०० माणसांना प्रवेश. दार खरे उघडले ते १९६५ च्या कायद्याने. जन्मदेश पाहून माणसे मोजण्याची जुनी रीत त्याने काढली. त्याच वर्षी तिथले कृष्णवर्णी लोक मताच्या हक्कासाठी सेल्मा गावाहून माँटगोमेरीपर्यंत पायी चालत गेले होते. त्या लोकांनी समतेसाठी जी हवा तापवली, तीतच हा कायदाही झाला. आम्ही ऐकतच राहिलो. त्यांची तीही एक पायी वारीच की! त्यातल्या किती जणांना आमच्या बंधूंचे नाव ठाऊक असणार? ऋण मात्र झालेच.

आम्ही म्हटले, “एवढे जाणतोस, ठीक. तुझे बाबा पहिल्या हिवाळ्यात कुठे राहिले, काय पांघरले, ते जाणतोस का?”

तो खाली पाहू लागला.

सासवड म्हणजे सोपानकाकांचे समाधिस्थान. ती चार भावंडे आठवा. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात आले आणि त्याचा दंड भोगला मुलांनी. ना गावात ना गावाबाहेर. त्यांनी काय मागितले होते? तरी आईबापांनी आम्हाला या फेऱ्यात का घातले, असा हिशेब त्यांनी मांडला नाही. वाट्याला आले त्यातूनच शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी झाली.

इथवर बोलून आमचे आम्हीच अडखळलो. कारण हिशेब आम्ही मांडला होता. १९९८ साली आमची मातोश्री गेली, दादा चौथ्या दिवशी पोचले. दारातच आम्ही म्हणालो, “पुंडलिकाच्या पंथातले आपण, आणि तुम्ही आईच्या शेवटच्या घोटाला नाही!” ते काही बोलले नाहीत. आईची औषधे आणि घरावरचे नवे पत्रे त्यांच्याच पैशाचे, हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही हातांनी सेवा केली, त्यांनी दूर राहून केली. आम्ही पुंडलिकाचे आख्यान गावोगाव लावले, पण केलेले जाणले नाही.

पुंडलिक तरी आधी कोण होता? आईबापांना छळणाराच. कुक्कुटस्वामींच्या आश्रमात डोळे उघडले तेव्हा तो वळला. आणि त्या कथेत आईबाप हिशेब मागतात असे कुठे आहे काय? देव विटेवर उभा राहिला, त्यानेही “किती वेळ?” म्हणून विचारले नाही.

तेव्हा सिद्धांत असा. न मागितलेले ऋण वसूल करता येत नाही, जाणता मात्र येते. आईबापांनी ते उच्चारू नये. ‘तुझ्यासाठी केले’ म्हटले की दिलेल्याचे कर्ज होते. मुलांनी ते विसरू नये. जाणले की हात आपोआप सेवेला लागतात.

त्या रात्री पुतण्याने बापाला फोन लावला, तिथे सकाळ होती. पहिला हिवाळा तळघरातल्या एका खोलीत चौघांनी काढला, आणि शेजारच्या एका कृष्णवर्णी म्हाताऱ्याने आपला जुना लोकरी कोट दिला, असे दादांनी सांगितले. पोराने कधी विचारले नव्हते, बापाने कधी सांगितले नव्हते. मग तो म्हणाला, “आईला द्या.” तिच्याशी काय बोलला ते आम्ही ऐकले नाही, दूर जाऊन बसलो. शेवटी फोन आमच्या हाती आला. पंचवीस वर्षांहून अधिक काळ अडलेले शब्द आम्ही बोललो. दादा एवढेच म्हणाले, “अरे, तू होतास म्हणून मी तिथे राहू शकलो.”

वाचकहो, ज्यांची मुले परमुलखी आहेत त्यांनी वही मिटावी. जी मुले दूर आहेत त्यांनी एकदा विचारावे, “तुमचा पहिला हिवाळा कसा गेला?” आणि आमच्यासारखे जे घरी राहिले, त्यांनी आपल्या सेवेचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवू नये.

रामकृष्ण हरि.