ऐकीव पुरावा

न्यायालयात ऐकीव पुराव्यास सहसा थारा मिळत नाही. संगीताच्या प्रांतात मात्र पुष्कळसा व्यवहार ऐकीवावरच चालतो. कोणी म्हणतो, अमुक ऐका; आपण ऐकतो. गदगच्या एका मुलाने अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी दुकानातल्या तबकडीवर ऐकली आणि १९३३ साली गुरूच्या शोधात घर सोडले. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. ती तबकडी लावणारा दुकानदार कोण, हे कोणी विचारीत नाही.

जोयडा तालुक्यातील बाजारकुणंग येथे एका भजनानंतर आम्ही बसलो होतो. चहा आला, आणि सध्या कोण काय ऐकतो, असा विषय निघाला. पेटीवाले वृद्ध गृहस्थ म्हणाले, "केसरबाईंची भैरवी. तेवढीच. महिना झाला." ही भैरवी साडेतीन मिनिटांची. केरीच्या या गायिकेचे हे गाणे १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले आणि त्याच वर्षी त्या वारल्या. पेटीवाल्यांना यानाशी कर्तव्य नव्हते. एका जागी स्वर कोमल ऋषभावर क्षणभर थबकतो, एवढेच त्यांनी सांगितले, आणि पेटीवर तो दाबूनही दाखविला.

मग आमची पाळी आली. आम्ही म्हणालो, "मल्लिकार्जुन मन्सूरांचा बसंती केदार." वस्तुतः आठवडाभर मोटारीत आम्ही जुनी चित्रपटगीते ऐकत होतो. बसंती केदाराची तबकडी आमच्या कपाटात आहे खरी, पण तिचे वेष्टनही काढलेले नव्हते.

यात अपराध कोणता? फसवणुकीचा दावा लावावयाचा तर कोणाचे तरी नुकसान दाखवावे लागते. येथे कोणाचा पैसा बुडाला नाही; उलट एका थोर गवयाचे नाव चारचौघांत निघाले. वकिली बुद्धीने आम्ही स्वतःस केव्हाच निर्दोष सोडले असते. (वकिलास स्वतःचे वकीलपत्र फार स्वस्तात मिळते.) परंतु आपण काय ऐकतो ते सांगणे म्हणजे एका अर्थी प्रसाद वाटणे होय. जो नैवेद्य देवापुढे ठेवलाच नाही, त्याचा प्रसाद कसा वाटावयाचा? चित्रपटगीत सांगितले असते तर तो निदान खरा गूळ-खोबऱ्याचा प्रसाद झाला असता.

पेटीवाल्यांनी आमचे बोलणे खरे मानले. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे त्याच घराण्याचे! केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या आणि मन्सूर त्यांच्या मुलांचे शिष्य." मग पुढे सरकून त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, त्यात बसंत कोठे संपतो आणि केदार कोठे सुरू होतो?"

"पुन्हा ऐकून सांगतो," आम्ही म्हणालो. त्या 'पुन्हा'तही खोटेपणा होताच.

घरी येऊन वेष्टन काढले. आजवर सात वेळा ऐकले. एकदा सांधा सापडलासा वाटला, पण दुसऱ्या दिवशी तो तेथे नव्हता. बाजारकुणंगला पाठवावयाचे पत्र अजून मेजावरच आहे. त्यात पहिली कबुली कोणती लिहावी, हे ठरत नाही.