उष्णोदकाचे माहात्म्य

रावेरीचे सीतामंदिर हे राळेगाव तालुक्याचे भूषण होय. तेथे दर्शन घेऊन रामकथेच्याच मागाने पैनगंगेकडे गेलेल्या भाविकास नांदेड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र उनकेश्वर लागते. कुष्ठाने जर्जर झालेल्या शरभंग ऋषींसाठी प्रभू रामचंद्रांनी बाण मारून तेथे उष्ण जल प्रकट केले, अशी आख्यायिका आहे.

अशा कुंडांची मोठी मालिका मात्र कोकणात आहे. सह्याद्री व सागर यांमधील चिंचोळ्या पट्टीत, पालघरपासून राजापूरपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर ती पसरली आहे. वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळील उन्हेरे, महाडजवळील सव, दापोलीतील उन्हवरे, संगमेश्वरातील तुरळ, राजापूरचे उन्हाळे. कित्येक गावांच्या नावांतच ऊन आहे! वज्रेश्वरीचे कुंड दैत्यांच्या रक्ताने तापले, असे लोक सांगतात. तेथील देवीचे मंदिर चिमाजी अप्पांनी १७३९ च्या वसई विजयानंतर नवसपूर्तीसाठी बांधविले.

येथे भूगर्भात ज्वालामुखी धगधगत असावा, असा अनेकांचा समज असतो. परंतु कोकणचा काळा पाषाण ज्या लाव्हारसाचा झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची धग केव्हाच निवली. कुंडातील जल हे मुख्यत्वे पावसाचेच जल होय. किनाऱ्याला समांतर असलेल्या भेगांतून ते खोल उतरते. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते. तेथे तापलेले जल हलके होऊन दुसऱ्या भेगेने वर येते. वाटेत ते खडकातील सोडियम, कॅल्शियम व सिलिका विरघळवून घेते. सागर जवळ असल्याने काही ठिकाणी खाऱ्या पाण्याचाही अंश त्यात मिसळतो. कुजकट वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. सिलिकेच्या प्रमाणावरून, जल खाली किती तापले होते याचा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात.

आकाशातून पडलेले जल पाताळ पाहून परत येते, हे ऐकून कोणाची श्रद्धा उणी व्हावी असे काही नाही. उणे होते ते दुसऱ्याच कारणाने. शरभंगांची कथा ऐकून कोणी व्याधिग्रस्त केवळ स्नानावर विसंबतो, औषध टाळतो, आणि तेवढ्यात हातापायांची बोटे झिजतात. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो व ते औषध शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. जखम असलेल्याने सार्वजनिक कुंडात उतरू नये. बधिर त्वचेला चटका कळत नाही आणि उन्हवऱ्याचे जल तर ७० अंशांच्या आसपास असते. तेथे थंड पाणी मिसळूनच स्नान करावे.