अक्षरांची सोयरीक

दिवाळीच्या सुट्टीत आलेली माझी नात यंदा फराळाच्या ताटलीबरोबर व्याकरणाची वहीही घेऊन बसली होती. स्वयंपाकघरात चकलीच्या सोऱ्याशी झटापट चालली होती आणि बाहेरच्या खोलीत आम्हा दोघांची अलंकारांशी. 'एकाच अक्षराची पुनरावृत्ती होऊन भाषेला शोभा येते तेव्हा अनुप्रास होतो,' ही व्याख्या तिने घडाघडा म्हणून दाखवली. उदाहरणेही बिनचूक ओळखली. मग पेन्सिलीचे टोक चावत ती म्हणाली, "आजोबा, पण शोभा येते म्हणजे नक्की काय होते हो? तेच वाक्य साध्या शब्दांत लिहिले तर काय बिघडेल?"

मी सारी हयात मराठी शिकवण्यात घालवली. पण हा प्रश्न मला कोणा विद्यार्थ्याने विचारल्याचे आठवत नाही, आणि खरे सांगायचे तर मीही तो स्वतःला कधी विचारला नव्हता. लग्नघरात नवरीच्या अंगावरचे दागिने मोजावेत तसे आम्ही कवितेतले अलंकार मोजायला शिकवतो. मोजणी जुळली की गुण मिळतात.

"असे कर," मी म्हटले, "'नाव मोठे, लक्षण खोटे' ही म्हण घे. तिच्यातला 'खोटे' काढ आणि 'वाईट' घाल."

तिने मोठ्याने म्हणून पाहिले, 'नाव मोठे, लक्षण वाईट', आणि ती हसली. अर्थ फारसा हलला नव्हता, पण म्हणीतला जीव गेला होता. का बरे गेला? मोठेपणा आणि खोटेपणा यांचे एकमेकांशी तसे काही नाते नाही. मोठी आणि खरी माणसे आपण पाहिलेली असतात. पण दोन शब्दांचे शेवट सारखे झाले की कानाला वाटते, ही दोघे भावंडे असावीत. जे मोठे ते आतून खोटेच असायचे, असा एक संशय त्या म्हणीने एक अक्षरही जास्त न बोलता आपल्या मनात सोडून दिलेला असतो. यमक म्हणा, अनुप्रास म्हणा, ही अक्षरांनी जुळवलेली सोयरीक असते. पत्रिका कोणी पाहिलेली नसते. पण सनई वाजली की वऱ्हाडी मंडळी अक्षता टाकून मोकळी होतात.

श्लेषाचेही तसेच. अंगणात तेवते ती पणती आणि नातवाची लेक तीही पणती. नव्वदीच्या पणजीपुढे तिची पणती पणती घेऊन उभी राहिली, असे कोणी लिहिले, तर एका ज्योतीवर दुसरी लावावी तसे घर पुढे जाते, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. येथे भाषेतल्या एका योगायोगाने जे सुचवले, ते खरेही आहे. कवी भाग्यवान असतो तो अशा वेळी.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनी या नादाचा विचार फार बारकाईने केला आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने कोणत्या रसाला कोणते वर्ण मानवतात याची व्यवस्थाच लावून दिली. माधुर्य हवे तर अनुनासिकांचा मऊपणा घ्यावा आणि ट, ठ, ड, ढ यांना दाराबाहेर ठेवावे. ओज हवे तर त्यांनाच आत बोलवावे आणि जोडाक्षरांची दाटी करावी. 'कटकट', 'खडखडाट', 'टणक' हे शब्द उच्चारून पाहिले म्हणजे मम्मटाचे म्हणणे पटते. पण मराठी भाषा मोठी खट्याळ. 'टपोरा, टवटवीत मोगरा' असे म्हणताना तोच 'ट' कसा पाकळीसारखा उमलतो! म्हणजे अक्षराच्या अंगी स्वतःचा असा अर्थ फारसा नसतो. अर्थ पुढे चालतो आणि नाद त्याच्या हाताला धरून जातो. हात सुटला की मागे नुसता घुंगरांचा आवाज उरतो.

मम्मटाच्या आधी, नवव्या शतकात, काश्मीरमध्येच आनंदवर्धन होऊन गेला. त्याचे एक म्हणणे मला अधिक मोलाचे वाटते. शृंगार हा मुख्य रस असताना मुद्दाम खटपट करून एकाच तऱ्हेचा अनुप्रास लांबवत नेला तर त्याने रस उजळत नाही, असे त्याने बजावले आहे. अलंकार खरा कोणता? जो रसाच्या ओघातच येतो, ज्याच्यासाठी कवीला वेगळे कष्ट करावे लागत नाहीत, तो. याचे एक गमतीचे उदाहरण दंडीच्या 'दशकुमारचरिता'त आहे. त्यातल्या मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेच्या दंतक्षताने दुखावलेले असतात, म्हणून तो आपली सारी हकीकत प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरे टाळून सांगतो. कसरत खरीच, पण त्या कसरतीला कारण आहे, ओठ खरोखर दुखतो आहे. आपल्या बारामतीकर मोरोपंतांनीही निरोष्ठ रामायण रचले. पंतांविषयी मला आदर आहे, त्यांची भाषेवरची हुकमत पाहून आजही थक्क व्हायला होते. पण तेथे ओठ कोणाचा दुखत होता, हे काही मला उमगलेले नाही. असो.

सोयरीक खोटी असली तरी सनई गोडच वाजते, खरी अडचण ही आहे. अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांपुढे काही अपरिचित यमकबद्ध वचने ठेवली, आणि त्याच अर्थाची पण यमक मोडलेली वचनेही ठेवली. यमक असलेली वचने विद्यार्थ्यांना अधिक खरी वाटली. यमकामुळे विधान खरे ठरते काय, असे विचारल्यावर मात्र ते नाही म्हणाले! नाद बाजूला ठेवून केवळ आशय पाहा, असे आधी बजावले तेव्हा हा फरक कमी झाला. आपल्याकडे असा प्रयोग करायला लांब जायला नको. छडी आणि विद्या यांची नादमधुर गाठ मारून देणारी ती जुनी उक्ती आठवा. किती पिढ्यांच्या तळहातांवर तिचे वळ उठले! शिक्षण हक्काच्या कायद्याने २००९ साली शाळेतल्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली. त्या उक्तीत यमकाऐवजी पुरावा मागितला असता तर कदाचित इतका काळ थांबावे लागले नसते.

मी स्वतः छडी कधी हाती धरली नाही, आणि तरुणपणी या गोष्टीचा मला फार अभिमान होता. १९७१ साली एका तालुक्याच्या गावी मी नोकरीला लागलो. कविता करीत असे. कान तयार आहे अशी माझी समजूत होती. आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसे. फळ्यावरचे वाचायला सांगितले की गप्प उभा राही. त्याचे नाव 'म' या अक्षराने सुरू होत असे, एवढेच सांगतो. एके दिवशी मी त्याच्या नावामागे 'मठ्ठ' हा शब्द लावून हाक मारली. वर्ग खो खो हसला, आणि मला, खोटे कशाला बोलू, एखादी ओळ साधल्याचा आनंद झाला.

आज विचार करतो तेव्हा लक्षात येते, की ते विशेषण मला त्या मुलाच्या बुद्धीत सापडले नव्हते. ते त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षरात सापडले होते. त्याचे नाव 'ह'ने सुरू झाले असते तर मी कदाचित 'हुशार' म्हणून मोकळा झालो असतो. दुसऱ्या वर्षी त्याला चष्मा लागला. त्याला फळा दिसतच नव्हता! पण चष्मा लागला तरी नाव सुटले नाही. ते जिभेवर इतके सोपे बसत होते, की गावाने ते उचलले. मी नंतर नुसत्या नावाने हाक मारू लागलो; त्याचा काही उपयोग झाला नाही.

पुष्कळ वर्षांनी एका लग्नात एक गृहस्थ पाया पडले. डोक्यावर केस पांढरे, डोळ्यांवर जाड काचा. मला ओळख पटेना. "सर, मी..." असे म्हणून ते थांबले, आणि मग त्यांनी तेच नाव सांगितले, मी दिलेल्या विशेषणासकट. हसत सांगितले. कारण नुसत्या नावाने मला ओळख पटणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांची बांधकामाची मोठी ठेकेदारी होती, दोन मुले इंजिनिअर झाली होती. हे सारे त्यांनी आनंदाने सांगितले. मला पुढ्यातल्या जिलबीची चव लागली नाही.

मग आपण नाद सोडून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. आईने तान्ह्याला 'सोनुल्या, छकुल्या' म्हणावे तेही नादानेच, आणि त्यातले प्रेम खोटे नसते. कवी दोन शब्द जवळ आणतो तेव्हा कधी त्याला जगातले एक दडलेले नाते दिसलेले असते आणि अक्षरे त्याला साक्ष देतात. आणि कधी अक्षरे आधी जुळतात, मग तो नाते बनवतो. कानाला दोन्ही सारखीच गोड लागतात. कानाने निवाडा होत नाही. पुन्हा त्या माणसाकडे, त्या वस्तूकडे जाऊन पाहावे लागते. मी मागच्या बाकापर्यंत चालत गेलो असतो तरी पुरे होते. पंधरा पावले असतील.

हे सारे नातीला सांगितले तोवर तिकडे चकल्यांचा पहिला घाणा निघाला होता. तिने वहीत काहीच लिहिले नव्हते. थोड्या वेळाने तिने विचारले, "आजोबा, त्यांचे नाव काय होते?"

मी सांगितले. नुसते नाव.