नवी गाडी: हौस कोणाची, भार कोणावर?

॥ श्री गुरुदेव ॥



दिवाळीपासून उधना, लिंबायत, डिंडोलीकडच्या आपल्या कुटुंब-ग्रुपांवर एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. घरातला मुलगा लांबच्या प्रवासाची मोठी मोटारसायकल घ्यायची म्हणतो, आईवडील गप्प आहेत, काय करावं? काहींनी नुसते हात जोडलेले चित्र पाठवले. एका ज्येष्ठांनी लिहिलं, सत्संगाच्या ग्रुपवर गाडीबिडीचं नको. आम्हाला मात्र वाटतं की हा विषय इथलाच आहे. जप सकाळी अर्धा तास होतो. बाकीचा दिवस आपण काय विकत घेतो, कोणाच्या जिवावर घेतो, यातच जातो. तिथे विवेक चालत नसेल तर अर्ध्या तासाचा उपयोग काय?

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गाडीची इच्छा होणं हे पाप नाही. आपल्यातल्या बहुतेकांचे आजोबा-वडील ताप्ती लाइनच्या गाडीने अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारहून इथे आले. लूमच्या खात्यात बारा-बारा तास उभे राहिले. गावी जायचं म्हणजे उधना स्टेशनवर सणासुदीच्या गर्दीत पोरं खिडकीतून आत ढकलायची. त्या घरातला पोरगा आज स्वतःच्या गाडीवर बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करत कोंडाईबारीचा घाट चढून साक्रीला जाऊ म्हणतो, तर त्यात आनंदच आहे. पहाटे घाटात गार वारा अंगावर येतो तेव्हा मन शांत होतं, हे आम्हीही अनुभवलंय. त्याला लगेच मोह, माया म्हणून हिणवायचं कारण नाही.

पण आनंद खरा असला म्हणून हिशेब टळत नाही.

गेल्या वर्षी सरकारने एक रेघ ओढली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्यावरच्या गाड्यांना आधी सेस धरून ३१ टक्के होता, तो ४० झाला. हा ४० टक्क्यांचा दर चैनीच्या आणि व्यसनाच्या वस्तूंसाठी ठेवलेला आहे, म्हणजे पानमसाला आणि मोठी मोटारसायकल एका रांगेत बसली. कराआधी दोन लाख किंमत असलेली गाडी घ्या. रेघेच्या अलीकडे ३६ हजार कर, पलीकडे ८० हजार. विम्याचंही तसंच. नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरांप्रमाणे ३५० सीसीपर्यंत ७,३६५ रुपये आणि त्यावर १५,११७.

आता सरकारची रेघ म्हणजे धर्माची रेघ नव्हे. ३४९ सीसीची गाडी गरज आणि ३५१ ची चैन, असं कोणता साधक म्हणेल? तरी या रेघेने एक चांगलं काम केलं. आता प्रत्येकाला स्वतःला विचारावं लागतं की वरच्या शंभर सीसींचे एवढे पैसे मी कशासाठी देतोय. अमेरिकेत रॉबर्ट पर्सिग नावाच्या माणसाने १९६८ मध्ये अकरा वर्षांच्या मुलाला मागे बसवून मिनेसोटापासून कॅलिफोर्नियापर्यंत प्रवास केला आणि त्यावर १९७४ साली पुस्तक लिहिलं, जे जगभर वाचलं गेलं. त्याची होंडा ३०५ सीसीची होती, म्हणजे आजच्या हिशेबाने १८ टक्केवाली! त्याच्याबरोबरच्या जोडप्याची गाडी महागडी होती, पण तिला हात लावायची, तिचं दुखणं समजून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. बिघडली की चिडचिड. पर्सिगचं सगळं चिंतन तिथून सुरू होतं. गाडी हवी पण तिचं काम नको, हे आपल्याकडेही दिसतं. साखळीला तेल कधी घातलं विचारलं तर उत्तर येतं, सर्व्हिसवाला बघतो ना.

म्हणून पहिला प्रश्न सीसीचा नाही, दिवसांचा आहे. वर्षात लांब जायचे दिवस किती, ते कॅलेंडर समोर घेऊन मोजा. दिवाळीला खाती बंद होतात तेव्हा आठ-दहा दिवस. आखाजीला गावी दोन-तीन. लग्नसराईत तीन-चार. उरलेले तीनशेच्या वर दिवस गाडी घर ते खातं, घर ते रिंगरोडचं मार्केट अशीच धावणार, आणि सहारा दरवाज्याच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पाय भाजत उभी राहणार. उत्तरायणात हँडलला तार लावून. लिटरला साठ देणारी घरची गाडी सोडून तीसच्या आसपास देणारी रोज का काढायची? पंधरा दिवसांच्या प्रवासासाठी तीनशे पन्नास दिवस ओझं वाहणं शहाणपणाचं आहे का? मनाली, लेहला अशा गाड्या भाड्याने मिळतात. काहींना ते ऐकून कमीपणा वाटतो. कमीपणा वाटला तर ओळखावं की हवा होता तो प्रवास नव्हता, दारात उभी दिसणारी गाडी हवी होती. तेही मान्य करायला हरकत नाही. पण मग तसंच म्हणावं.

इथे एक सवय आम्हाला फार खटकते. गाडी घ्यायची इच्छा स्वतःची, आणि बिल मात्र देवाच्या नावावर. "महाराजांच्या दर्शनाला जाता येईल, वणीच्या गडावर जाता येईल, सेवेला उपयोग होईल." अहो, खानदेशातून चैत्रात हजारो माणसं गडावर पायी जातात. सप्तशृंगीला साडेतीन लाखांची गाडी लागत नाही. मला आवडते, मी घेतो, एवढं साधं वाक्य देवासमोर जास्त प्रामाणिक आहे. हौसेला सेवेचं नाव दिलं की घरातल्यांना नाही म्हणायची सोयच उरत नाही, कारण मग नाही म्हणणारा श्रद्धाहीन ठरतो. यात गाडीपेक्षा मोठं नुकसान आहे.

आता भाराचं बोलू. रॉयल एनफिल्डची हिमालयन घ्या, पोरांच्या तोंडी तीच जास्त असते. ४५२ सीसी, १७ लिटरची टाकी, वजन १९६ किलो, आसन जमिनीपासून ८२५ मिलिमीटर. घरातली स्प्लेंडर ११२ किलोची. फरक ८४ किलोचा, म्हणजे एक धडधाकट माणूसच. उंचपुऱ्या पंचविशीतल्या मुलाला हे जड नाही. पण मागे कोण बसणार? आई. साडी नेसून, गुडघे दुखत असताना. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे: मागे बसणाऱ्याला धरायला पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. आणि गाडी घरी आली की पोरं सगळ्यात आधी तोच काढतात, लूक जातो म्हणून. आम्ही तर म्हणू, एखाद्या घरातली वृत्ती बघायची असेल तर गाडीचा साडीगार्ड आहे का ते बघा. मागे बसणाऱ्याचा विचार झालाय की नाही, ते तिथेच कळतं.

आकडे सांगायला जीव धजत नाही, तरी सांगतो. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले मृत ५०,०२९, आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले. चौदा हजार माणसं, ज्यांच्या हातात हँडल नव्हतं. साडेतीन लाखांची गाडी घेणारा आईसाठी आयएसआय मार्कचं दुसरं हेल्मेट घेताना किंमत करतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. चार वर्षांखालच्या मुलाला बसवायचं तर पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० च्या आत वेग, असा नियम २०२३ पासून लागू आहे. किती घरांना माहीत आहे?

पैशाचा भार तर उघडच आहे. तीन लाख कर्ज, १० टक्के व्याज, तीन वर्षं: महिन्याला साधारण ९,६८० रुपये, आणि व्याज जवळजवळ साडेअठ्ठेचाळीस हजार. आकडा भरता येईल का एवढंच लोक विचारतात. आम्ही विचारतो, महिना मंदीचा गेला तर कोण भरेल? मार्केट बसलं, हिऱ्याला मंदी आली की सुरतेत पगार कसे अडकतात हे इथे कोणाला सांगायला नको. तेव्हा हप्ता बापाच्या पगारातून जातो, किंवा आईची पोत गहाण पडते, किंवा बहिणीच्या कॉलेजची फी पुढच्या महिन्यावर ढकलली जाते. ज्याची हौस त्याच्याच खिशातून ती पूर्ण होत असेल तर आमचं काहीच म्हणणं नाही.

आणखी एक कोपरा राहतो, जुन्या गाडीचा. नवी आली की जुनी, टायर गुळगुळीत झालेली, ब्रेक न लागणारी, गावाकडच्या चुलतभावाला किंवा खात्यातल्या पोराला "घेऊन जा, वापर" म्हणून देतात आणि वर मोठेपणा घेतात. कठोपनिषदातला नचिकेत इथे आठवतो. त्याच्या वडिलांनी यज्ञात दान म्हणून म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गायी दिल्या, ते बघून त्या लहान मुलाला राहवलं नाही, आणि तिथून सगळी कथा सुरू झाली. द्यायची तर टायर-ब्रेक नवे घालून, कागद त्याच्या नावावर करून द्या. नाहीतर भंगारात घाला. ते जास्त पुण्याचं.

नचिकेताचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबू. यमाने त्याला रथ, घोडे, हत्ती देऊ केले आणि त्याने तुमची वाहनं तुमच्याकडेच ठेवा म्हटलं, एवढंच आपण कीर्तनात ऐकतो आणि मुलांना ऐकवतो. पण त्याने पहिला वर काय मागितला ते बघा. माझ्या वडिलांचा राग शांत होऊ दे, मी परत जाईन तेव्हा त्यांनी मला आनंदाने जवळ घेऊ दे. आणि यमाने दिलं काय? तुझे वडील रात्री सुखाने झोपतील. मृत्यूच्या दारात तीन रात्री उपाशी बसलेल्या पोराला आत्मज्ञानाआधी वडिलांची झोप आठवली! सोनगढ ते साक्री रात्री ट्रकांच्या रांगेतून गाडी चालवणाऱ्या मुलाची आई घरी जागी असते. तिच्या झोपेचा भाव कोणत्याही कोटेशनमध्ये धरलेला नसतो.

मोठ्यांनाही आमचं एक सांगणं आहे. आईवडिलांचं "नको" नेहमी विवेकातूनच येतं असं नाही. मुलाच्या लग्नात डीजे, मंडप आणि आहेरावर तीन-चार लाख एका रात्रीत उडवताना कोणी हप्ता मोजत नाही, कारण ती आपली हौस असते आणि भाऊबंद बघायला येतात. मुलाच्या हौसेला जो तराजू तोच आपल्याला लावा. आणि मुलगी म्हणाली की मला गाडी हवी, मी एकटी सापुताऱ्याला जाईन, तर तराजू बदलू नका. तिच्या पगारातून, हेल्मेट घालून, लायसन काढून ती जात असेल तर तिला भावापेक्षा जास्त प्रश्न का?

ज्याने दिवस मोजले, हप्ता स्वतःच्या पगारात बसवला, मंदीचे सहा महिने निघतील एवढी रक्कम बाजूला ठेवली, त्याने आनंदाने गाडी घ्यावी. नारळ फोडावा, पेढे वाटावे, आणि गुरुबंधूंनी "आता हा संसारात अडकला" असले टोमणे मारू नयेत. त्याग हा दुसऱ्याकडून करून घ्यायचा नसतो.

ज्या मुलाच्या प्रश्नावरून हे लिहिलं त्याचा अजून निर्णय झालेला नाही. तो आम्हाला भेटला तेव्हा आम्ही हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. एवढंच सांगितलं की टेस्ट राइडला मित्राला नको, आईला घेऊन जा. तिला मागे चढू दे, उतरू दे, पाय कुठे ठेवायचा ते तिलाच सांगू दे. पांडेसऱ्याच्या खड्ड्यांतून एक फेरी मार. मग शोरूममध्येच चहा पीत तिला विचार, आणि ती बोलेल ते मध्ये न तोडता ऐकून घे. येत्या रविवारी दोघं जाणार आहेत.