वळणाचे दरवाजे

आषाढातला शनिवार होता. लोणावळ्यात तुंगार्लीच्या चढावर धुकं इतकं दाटलेलं, की पुढच्या गाडीचा लाल दिवाही मधूनच दिसेनासा होई. एका बंगल्याच्या फाटकाशी मुंबईहून आलेलं कुटुंब उभं होतं. आजी गाडीत बसलेल्या, मुलं भिजत उभी, आणि घरातला कर्ता मुलगा राखणदाराला मोबाइल दाखवत पुन्हा पुन्हा सांगत होता, “अहो मामा, पैसे भरलेत. ही बघा पावती.”

राखणदार हळू आवाजात म्हणाला, “साहेब, फोटो याच बंगल्याचा आहे. पण मालक बंगला भाड्यानं देतच नाहीत. या महिन्यात असे आलेले तुम्ही तिसरे.”

मी रस्त्यानं चाललो होतो, थांबलो. त्या मुलानं सगळं सांगितलं. जाहिरात स्वस्त होती. फोनवरचा माणूस म्हणाला होता, “आणखी दोन पार्ट्या मागे लागल्यात, पाच मिनिटांत भरा, नाहीतर बंगला गेला.” त्यानं पाठवलेल्या लिंकवर यानं क्रेडिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे भरले आणि ओटीपी फोनवर सांगून टाकला. आम्ही बोलत असतानाच तोच फोन पुन्हा आला. “साहेब, बुकिंगमध्ये घोळ झाला, पैसे परत करतो. आत्ता आलेला आकडा सांगा.” मुलगा आकडा सांगणारच होता. राखणदारानं त्याचा हात धरला. “आधी मेसेज वाचा साहेब.” मेसेजमध्ये ‘परत’ हा शब्द कुठंच नव्हता. अठ्ठेचाळीस हजारांची नवी खरेदी होती.

त्या संध्याकाळी मला लोहगड किल्ल्याचा रस्ता आठवत राहिला. मळवलीला उतरून, भाजे गाव मागं टाकून आपण लोहगडवाडीत पोचतो. तिथून वर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे लागतात. वाट सरळ वर जात नाही, सापासारखी वळत जाते. आपल्याला दम लागतो, पण बांधणाऱ्यांनी तेच योजलं होतं. चाल करून येणाऱ्याचा वेग प्रत्येक वळणावर मोडावा आणि वरच्या पहारेकऱ्याला विचार करायला उसंत मिळावी. दरवाजा शत्रूला अडवतो, आणि अडवता आला नाही तरी वेळ मिळवून देतो.

आपल्या कार्डालाही अशीच वळणं आहेत. पिन, ओटीपी, खर्चाची मर्यादा. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमाप्रमाणे नवं कार्ड हाती येतं, तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन, परदेशातले आणि नुसतं टेकवून होणारे व्यवहार आपण स्वतः चालू करायचे असतात. आपण एका दिवशी सगळं चालू करतो आणि विसरून जातो. दिंडीदरवाजा रात्रंदिवस सताड उघडा ठेवावा, तसंच हे झालं. परदेशी जायचं नसेल तर ते बटण बंद असू द्यावं. टेकवून पैसे देताना पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही, म्हणून तिथं स्वतःची कमी मर्यादा घालून ठेवावी. हॉटेलात कार्ड वेटरच्या हाती देऊन आत पाठवू नये, मशीन टेबलाशी मागवावं.

चोराला ही वळणं सरळ करून हवी असतात, म्हणून तो घाई करतो. ‘पाच मिनिटांत’, ‘आत्ताच्या आत्ता’, ‘नाहीतर कार्ड बंद होईल’. घाई हे त्याचं मोठं हत्यार असतं. म्हणून कुणी घाई केली की तिथंच थांबावं. ओटीपीच्या मेसेजमध्ये बहुतेक वेळा रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं; आपण मात्र नुसते सहा आकडे बघतो. आधी रक्कम वाचावी, मग नाव, आकडा सर्वांत शेवटी. आणि पैसे परत मिळण्यासाठी ओटीपी सांगावा लागत नाही, एवढं मनाशी पक्कं असू द्यावं.

पण चोर आत शिरलाच, तर मात्र सगळी घाई आपण करायची. त्या मुलानं त्या पावसातच बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. हे लगेच का करायचं? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात त्याचं उत्तर आहे. चूक बँकेची नाही, आपलीही नाही, तिसऱ्याच कुणी व्यवस्थेत शिरून पैसे काढले आणि आपण बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर तोटा आपल्यावर पडत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा आपला, पण कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेनं सोसायचं असतं. म्हणजे इथं प्रत्येक मिनिटाला मोल आहे.

तरीही माणसं गप्प बसतात, कारण लाज वाटते. ‘शिकलेला असून फसलो, लोक काय म्हणतील?’ अशा वेळी पुण्याची कॉसमॉस बँक आठवावी. १९०६ सालची ही संस्था. ११ ऑगस्ट २०१८च्या शनिवारी चोर तिच्या संगणक यंत्रणेत शिरले. बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले, सोमवारी हाँगकाँगच्या खात्यात रक्कम वळवली गेली, आणि एकूण ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. बँकेनं पोलिसांत तक्रार केली, तपास झाला, माणसं पकडली गेली, पुढं शिक्षाही झाल्या. एवढी मोठी बँक लुटली जाऊ शकते, तर आपण फसलो यात लाजण्यासारखं काही नाही. लाजून गप्प बसलो, तर फायदा चोराचाच.

बँकेचा नंबर कार्डाच्या मागं छापलेला असतो, पण कार्डच हरवलं तर नंबरही जातो. म्हणून आज रात्री जेवणं झाली की एक कागद घ्या. त्यावर आपल्या बँकेचा नंबर आणि १९३० मोठ्या अक्षरांत लिहा, आणि आजीला दिसेल अशा जागी भिंतीवर लावा.