नहेम्याचे कबूल करणे

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात गरीब यहूद्यांचा आक्रोश आहे. दुष्काळात धान्य मिळावे, राजाचा कर भरावा, म्हणून त्यांनी शेते व द्राक्षमळे गहाण टाकले. पुढे लेकरेही दास्यात गेली. कर्ज देणारे परके नव्हते, भाऊबंदच होते. नहेम्या त्यांस दटावितो. परंतु आपण व आपले चाकरही पैसा व धान्य उसने देत आहोत, हेही तो सर्वांसमक्ष सांगतो. हे वचन आपण बहुधा घाईने वाचून जातो.

इंग्लंडात सन २०१३ साली असेच घडले. वोंगा नावाची कंपनी पगार होईपर्यंत थोड्या दिवसांचे कर्ज देई. वर्षाच्या हिशेबाने तिचे व्याज शेकडा पाच हजारांहून अधिक पडे. पतपेढ्यांना साहाय्य करून तिचा धंदा बसवू, असे कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी म्हणाले. तोच उघडकीस आले की, त्यांच्याच मंडळीच्या निधीतील पैसा इतरांच्या हातून त्या कंपनीत गेला आहे! त्यांनी ती लाज कबूल केली, व २०१४ साली तो संबंध तोडण्यात आला. रक्कम सुमारे ७५ हजार पौंड, म्हणजे त्या निधीत कणभर. पण गहाण पडलेल्याला कण काय आणि मण काय?

सावकारास नावे ठेवणे आपणांस सोपे जाते. येत्या सभेत पंचांनी एवढे विचारावे: मंडळीची ठेव ज्याच्याकडे आहे, तो ती कोणास व काय दराने देतो? नहेम्याने शेते त्याच दिवशी परत करावयास सांगितली होती.