आधी विचारतात, आमची आठवण होती का?



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, पहिला स्कंध, अध्याय तेरावा. विदुर तीर्थयात्रेहून घरी परत येतो तो प्रसंग.

परवा एका मित्रानं विचारलं, "वर्षातून एक तरी क्षेत्र करायचंच असं मी ठरवलंय. जातो, डोळे भरून दर्शन घेतो, खूप शांत वाटतं. पण परत आलो की आठ दिवसांत सगळं जसंच्या तसं. मग यात्रेचं फळ म्हणजे नेमकं काय रे?" मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, कारण या विषयात मी स्वतः नापास झालेला विद्यार्थी आहे. आज तेच सांगतो.

आधी गोष्ट बघू. दुर्योधनानं भरसभेत अपमान केला तेव्हा विदुरानं आपलं धनुष्य दारात ठेवलं आणि तो हस्तिनापूर सोडून निघाला. एकटाच, अवधूताच्या वेषात, एकेक तीर्थ करत फिरला. यमुनेकाठी त्याला उद्धव भेटला, हरिद्वारी मैत्रेय ऋषी भेटले, ज्ञान मिळालं. तोवर इकडे युद्ध होऊन गेलं होतं. मग विदुर परत आला. त्याला बघून सगळे असे धावले, जणू निर्जीव देहात प्राण परत आला. जेवण झालं, विश्रांती झाली, आणि मग धर्मराज समोर बसून बोलायला लागला.

आता इथं थांबा. इतकी वर्षं पृथ्वी फिरून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न काय विचारला असेल? कुठकुठं गेलात? काय काय पाहिलंत? नाही. धर्मराज आधी विचारतो की काका, आमची आठवण होती ना तुम्हाला? तुमच्या पंखांच्या सावलीत आम्ही वाढलो, विषातून आणि आगीतून तुम्ही आम्हाला आणि आमच्या आईला वाचवलंत. मग तो विचारतो की फिरताना पोट कसं भरलंत. आणि त्यानंतर विचारतो, कोणकोणती तीर्थं केलीत.

हा क्रम मी कितीतरी वेळा वाचला होता. तो कळला मात्र गेल्या दिवाळीत, किनवटला.

मी मूळचा किनवटचा. नोकरी मुंबईला. गेल्या सहा-सात वर्षांत देवाच्या कृपेनं बरंच फिरणं झालं, आणि जिथं जाईन तिथलं पवित्र ठिकाण आधी बघायचं असा माझा नेम. कंबोडियातलं अंगकोर वाट पाहिलं. बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन यानं बांधलेलं हे विष्णूचं मंदिर, पुढे ते बौद्धांचं झालं. पहाटे साडेचारला उठून तळ्याकाठी कॅमेरा लावून बसलो होतो. पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, एका बाजूला देव, एका बाजूला असुर, मधे वासुकी. मला वाटत होतं, मी एक अवशेष बघायला आलोय. पश्चिमेच्या दारात आलो तर आठ हातांच्या विष्णूच्या उंच मूर्तीसमोर गावातल्या बायका उदबत्ती लावत होत्या. तिथले लोक त्याला ता रीच म्हणतात. नाव बदललं, धर्म बदलला, तरी देवापुढं हात जोडणं सुटलेलं नाही.

जेरुसलेमला पश्चिमेची भिंत बघितली. तिथं दगडांच्या फटींत लोक आपली प्रार्थना लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवतात. या चिठ्ठ्या वर्षातून दोनदा गोळा करून ऑलिव्ह टेकडीवर आदरानं पुरतात, कचऱ्यात टाकत नाहीत. एक म्हातारे आजोबा सांगत होते आणि त्यांचा नातू भिंतीला कागद टेकवून लिहीत होता. भाषा मला कळत नव्हती. पण आजोबांचे डोळे मिटलेले होते आणि हात नातवाच्या खांद्यावर होता, तेवढं कळलं.

पंजाबात घुमानला गेलो. नामदेव महाराज आपल्या मराठवाड्यातून निघून तिथवर पोचले, तिथं राहिले, तिथल्या लोकांचे झाले. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते याच नात्यानं. आणि उलट बाजूनं बघा. पाटण्यात जन्मलेले, पंजाबात राहिलेले गुरु गोविंदसिंगजी आमच्या नांदेडला गोदावरीकाठी आले आणि 1708 साली इथंच त्यांनी देह ठेवला. हिंगोलीजवळच्या नर्सीचं नाव घुमानला निघतं आणि नांदेडचं नाव अमृतसरला. संत फिरले ते असे, जिथं गेले तिथल्या माणसांना आपलं करून.

हे सगळं मला पाठ होतं. लोकांना सांगायचोही छान.

तर दिवाळीत नंदीग्राम एक्सप्रेसनं घरी गेलो. बाबा गेल्यापासून आई एकटीच असते. पहिल्या दिवशी संध्याकाळी टीव्हीला मोबाईल जोडला आणि आईला, शेजारच्या काकूंना फोटो दाखवायला बसलो. तास-दीड तास चालू होतं. हे अंगकोर, हे जेरुसलेम, हे जपानमधले गरम पाण्याचे झरे. काकू म्हणाल्या, "अगं बाई, असलेच झरे आपल्या उनकेश्वरला की!" आई म्हणाली, "ह्यानं कुठं बघितलंय उनकेश्वर." सगळे हसलो. खरंच होतं ते. उनकेश्वर आमच्याच तालुक्यात आहे आणि मी गेलेलो नाही.

मग काकू जायला उठल्या तेव्हा आई त्यांना दारात हळूच म्हणाली, "सगळं जग बघून आलं लेकरू. माझं तेवढं माहूर राहिलंय बघा."

मला ऐकू जावं म्हणून ती बोलली नव्हती. पण ऐकू आलं.

माहूर म्हणजे रेणुकामाता, आमची कुलदेवी. साडेतीन शक्तिपीठांतलं एक पूर्ण पीठ. किनवटहून साधारण पन्नास किलोमीटर. आई शेवटची गेली होती तेव्हा मी दहावीत होतो. मधल्या वर्षांत तिनं फोनवर चार-पाच वेळा तरी विषय काढला असेल. मी दर वेळी म्हणालो, "नेतो गं, पुढच्या खेपेला नक्की." अंगकोरच्या तळ्याकाठी बसलो होतो तेव्हाही तिचा फोन आला होता. "काय करायलास? जेवलास का?" मी म्हणालो, "आई, आता सूर्य उगवतोय, नंतर बोलतो." आणि नंतर बोललो नाही. धर्मराजानं काकाला जे दोन प्रश्न सगळ्यात आधी विचारले, तेच आई मला विचारत होती. आठवण आहे का, आणि जेवलास का. मला तिसऱ्या प्रश्नाची घाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ठरवली आणि निघालो. आईनं खण, नारळ, साडी असं ओटीचं सामान पिशवीत आधीच भरून ठेवलेलं होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. वाटेत सागाचं जंगल लागलं आणि आई बोलायला लागली. तिच्या लहानपणी बैलगाडीनं कसे जायचे, रात्री कुठं मुक्काम, कुणी काय गायचं. इतकी ती फोटो बघताना बोलली नव्हती.

गडाच्या पायथ्याशी पायऱ्या सुरू झाल्या. आई देवीचं नाव घेत निघाली. दहा पायऱ्या, थांबायचं. परत दहा. गुडघे दुखतात हे मला माहीत होतं, पण किती, हे माहीत नव्हतं. मी हात धरला, खांदा दिला. थोडं वर गेल्यावर ती एका कडेला बसली. घाम पुसला आणि म्हणाली, "माझ्यानं होत नाही बाळा. तू जा. माझ्या नावानं ओटी भर."

मी म्हणालो, "उचलून नेतो तुला." ती म्हणाली, "आता? येड्यासारखं करू नको. लोक बघतात."

मी एकटा वर गेलो. मंडळी, माहूरची कथा तुम्हाला माहीत असेल. सहस्रार्जुनाच्या लोकांनी जमदग्नींना मारल्यावर परशुरामानं कावड केली. एका पारड्यात वडिलांचा देह, दुसऱ्या पारड्यात आई रेणुका. खांद्यावर घेऊन तो कोरी भूमी शोधत निघाला आणि इथं, दत्तात्रेयांच्या स्थानी, येऊन पोचला. इथंच अग्निसंस्कार झाला, रेणुकामाता सती गेली. पुढे लेकाच्या हाकेला ओ देऊन आई जमिनीतून प्रकट झाली ती फक्त मुखापर्यंत. म्हणून माहूरला देवीचं मुखच पुजलं जातं. गावाचं जुनं नाव मातापूर. तिथलं कुंड, मातृतीर्थ.

त्या शेंदरी मुखासमोर उभा राहिलो आणि मला काही मागता येईना. जो लेक आईला खांद्यावर घेऊन इथवर चालत आला त्याच्या गावात मी उभा होतो, आणि माझी आई खाली पायऱ्यांवर बसली होती. सहा वर्षांपूर्वी आणली असती तर ती स्वतःच्या पायांनी वर आली असती. तेव्हा पैसे होते, रजाही होत्या. त्या रजा मी कुठं घालवल्या याचे फोटो आदल्या दिवशीच तिला दाखवले होते.

ओटी भरली. प्रसादाचा तांबूल घेतला. माहूरला कुटलेल्या विड्याचा तांबूल हाच देवीचा प्रसाद. खाली आलो, आईच्या हातावर ठेवला. तिनं कपाळाला लावला, अर्धा माझ्या तोंडात घातला, आणि विचारलं, "देवीला सांगितलंस ना, मी खाली बसलेय म्हणून?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"मग झालं."

तिचं झालं, माझं नाही. आणि ते तसं राहावं असंच मला वाटतं, म्हणून आज हे लिहितोय.

आता परत भागवताकडे येऊ. धर्मराज पुढे विदुराला म्हणतो की तुमच्यासारखे भक्त स्वतःच तीर्थ झालेले असतात, हृदयात भगवंताला घेऊन फिरतात, म्हणून ते जातात त्या तीर्थालाही तीर्थपण येतं. आपण हा श्लोक संतांच्या स्तुतीसाठी वापरतो. पण विदुर पुढे काय करतो ते वाचा. तो पाहिलेलं सगळं क्रमानं सांगतो, फक्त यदुकुळाच्या नाशाची बातमी सांगत नाही, कारण ऐकणाऱ्यांना ते दुःख सोसणार नाही. मला काय सांगायचंय हे तो बघत नाही. समोरच्याला काय हवं, काय झेपेल ते बघतो. (मी दीड तास फोटो दाखवले होते!)

नंतर तो काही काळ घरीच राहतो, आणि राहतो कुणासाठी? म्हाताऱ्या, आंधळ्या थोरल्या भावासाठी. ज्याच्या घरात अपमान झाला, त्याच धृतराष्ट्रासाठी. त्याला कठोर शब्दांत जागं करतो आणि रात्रीच्या वेळी त्याला घेऊन हिमालयाच्या वाटेला लागतो. गांधारीही मागोमाग निघते. विदुराला वाट माहीत होती, कारण तो स्वतः चालून आला होता. ज्याला दिसत नव्हतं त्याला त्यानं त्या वाटेवर नेलं. माझ्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडलं. आपण पाहिलेली वाट घरातल्या कुणाच्या तरी उपयोगाला आली, तर यात्रा फळली.

म्हणजे फिरू नका असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. विदुर फिरला नसता तर मैत्रेय भेटले नसते. नामदेव महाराज घुमानला गेले नसते तर ती 61 पदं तिकडे पोचली नसती. दत्तप्रभूंचं तर रोजचं फिरणं. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, असं आपल्याकडे मानतात. पण निद्रेला मात्र ते रोज माहूरगडावर परत येतात. जगभर जा. फक्त परत यायची जागा आणि तिथं वाट बघणारं माणूस विसरू नका.

आजचा संकल्प : पुढच्या प्रवासाचं तिकीट काढण्याआधी घरी एक फोन करा. आईला, वडिलांना, आजीला, मावशीला, जे कुणी असेल त्यांना विचारा, "तुमचं कुठलं दर्शन राहिलंय?" उत्तर बहुतेक जवळचंच असेल. एखादा तासाभराचा रस्ता. गुडघे चालतायत तोवर जाऊन या. आणि ज्यांच्या घरी आता विचारायला कुणी उरलं नाही, त्यांनी शेजारच्या एखाद्या काकूंना विचारावं.

माझं पुढचं तिकीट काढून झालंय. मुंबई ते किनवट. आईला आता उनकेश्वर बघायचंय. म्हणते, झऱ्याच्या पाण्यानं गुडघ्यांना बरं वाटेल.

राम कृष्ण हरी! रेणुकामाता की जय!